अकरावी फ्रेम

निर्मलाबाई खांबेट्यांचं एक वाक्य महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या कलामहाविद्यालयांत पाठ होतं. ‘दहा वेळा हात सराव करतो, अकराव्या वेळी डोळा उघडतो.’ परीक्षेत त्यावर दहा मार्कांचा प्रश्न यायचा. कॅमेरे विकणाऱ्या एका दुकानदाराने तर बाईंना न विचारता ते आपल्या दारावर रंगवून घेतलं होतं. बाईंनी फोन करून त्याला चांगला झापला. झापताना आतून गुदगुल्या होत होत्या, हेही खरंच.

हे वाक्य त्यांनी १९९३ साली लिहिलं, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. सोलापूरचे अच्युतराव मोहोळकर नावाचे स्टुडिओवाले होते. लग्नं, मुंजी, पासपोर्ट साइज फोटो, असा त्यांचा चारचौघांसारखा धंदा. त्यांच्या कपाटात निर्मलाबाईंना विडी वळणाऱ्या बायकांचे त्रेसष्ट फोटो सापडले. दुपारचा उजेड, घराच्या आतली खोली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं. एक बाई हसता हसता आडवी झालेली, एक केस मोकळे सोडून उवा काढून घेतेय, एक पाय पसरून गाढ झोपलीय. पदर कुठल्या कुठे. कॅमेऱ्याची कुणाला पर्वाच नाही. प्रत्येक फोटोच्या पाठीवर जांभळा शिक्का: ‘मोहोळकर फोटो स्टुडिओ’.

बाईंनी लेख लिहिला, पुस्तक निघालं, ‘उंबऱ्याच्या आत’. मोहोळकर रातोरात मोठे झाले आणि त्यांना शोधून काढणाऱ्या खांबेटेबाई त्यांच्याहून मोठ्या झाल्या. मोहोळकर २००३ साली गेले. बाईंचं मात्र पुढेही त्याच लेखावर छान चाललं होतं.

आणि २०४१च्या जानेवारीत डॉ. रेहाना मुजावर यांचा अहवाल त्यांच्या पुण्याच्या घरी येऊन थडकला.

अहवाल घेऊन रेहानाबाई स्वतःच आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या, बोलायला साध्या. चहाचा कप हातात धरून त्या म्हणाल्या, “बाई, या कपातल्या चहाकडे बघा.”

चहा बारीक थरथरत होता.

“मी काही घाबरलेली नाही. कुणाचाच हात स्थिर नसतो. सेकंदाला आठ ते बारा वेळा तो हलतो. त्यावर हृदयाचा ठोका चढतो, त्यावर श्वास. हे सगळं मिसळून जी थरथर होते ती प्रत्येकाची वेगळी असते. आता समजा, मी कॅमेरा हातात धरला आणि एक पंधरांश सेकंद शटर उघडं राहिलं. तेवढ्या वेळात प्रकाशाचा प्रत्येक ठिपका फिल्मवर ठिपका राहत नाही, त्याची इवलीशी रेघ होते. डोळ्यांना ती दिसत नाही, आमच्या कंपवाचकाला दिसते.”

“एका रेघेवरून माणूस ओळखता?”

“एका रेघेवरून नाही. एक फोटो म्हणजे एकच अक्षर झालं. पण पन्नास-साठ निगेटिव्ह मिळाल्या की हस्ताक्षर वाचता येतं.”

कंपवाचक बाईंना ऐकून माहीत होता. कोणाला नव्हता? यंत्रांनी बनवलेल्या खोट्या फोटोंचा सुळसुळाट झाला, तेव्हा खरा फोटो ओळखायचा कसा, यावर रेहानाबाईंच्या गटाने हा उपाय काढला होता. बनावट फोटोला हात नसतो, म्हणून त्याला थरथर नसते. वर्तमानपत्रांत छापायच्या प्रत्येक फोटोला आता ‘हस्तदाखला’ लागत होता. इथवर सगळं ठीक होतं. पण माणसाला एकदा भिंग मिळालं की तो आजोबांचे कपडे पण तपासतो. लोकांनी जुनी कपाटं उघडून निगेटिव्ह यंत्राखाली घालायला सुरुवात केली आणि भल्याभल्यांचे पुतळे हलायला लागले. कुणाचे फोटो भाच्याने काढलेले निघाले, कुणाचे पगारी नोकराने.

निर्मलाबाई त्या बातम्या चवीने वाचायच्या. दुसऱ्याच्या घरची गळती बघायला मजा येतेच.

“मोहोळकर प्रतिष्ठानने स्टुडिओच्या सगळ्या निगेटिव्ह आमच्याकडे पाठवल्या,” रेहानाबाई म्हणाल्या. “मोहोळकरांच्या जन्मशताब्दीला निघणाऱ्या तुमच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत दाखला छापायचा होता त्यांना. लग्नामुंजींचे फोटो एका हाताचे आहेत, ते मोहोळकरांचे. तुमचे त्रेसष्ट दुसऱ्या हाताचे आहेत.”

“किती त्रेसष्टांतले?”

“त्रेसष्टच्या त्रेसष्ट.”

बाईंनी कप खाली ठेवला. कप बशीवर जरा जोरातच वाजला.

“तो कॅमेरा दोन भिंगांचा, पेटीसारखा,” रेहानाबाई पुढे सांगत होत्या. “पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. त्यामुळे श्वास फार स्वच्छ उमटलाय. मोहोळकर सहा फूट उंच होते. हा माणूस पाच फुटांच्या आतला आहे आणि जमिनीवर मांडी घालून बसलाय. अजून एक आहे. १९८१च्या ऑक्टोबरपासून पुढे सहा महिने या माणसाची नाडी महिन्यागणिक वाढत जाते. श्वास आखूड होत जातो. कॅमेरा शरीरापासून पुढे पुढे सरकतो. मग साडेतीन महिने एकही फोटो नाही. त्यानंतर नाडी पुन्हा पहिल्यासारखी.”

निर्मलाबाईंना स्वतःचं मूल नव्हतं, पण चार भाच्यांची बाळंतपणं त्यांनी काढली होती. त्यांना कळायला दोन सेकंदं लागली.

“बाई आहे ती,” त्या म्हणाल्या. “पोटुशी होती.”

“एका निगेटिव्हमध्ये मधेच एक धक्का आहे. हाताचा नाही, श्वासाचाही नाही. आम्ही चार दिवस डोकं खाजवत होतो. मग माझी आई म्हणाली, अगं, पोरानं लाथ मारली असेल.”

त्या साडेतीन महिन्यांवर निर्मलाबाईंनी आपल्या लेखात पान-दीड पान खर्ची घातलं होतं. मथळा दिला होता: ‘कलावंताचं मौन’. ते आठवून त्यांचे कान तापले. रेहानाबाई निघून गेल्यावर त्यांनी ते पान काढलं, दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक पालथं घालून ठेवलं.

दोन दिवसांनी विश्राम मोहोळकर आले. अच्युतरावांचे चिरंजीव, प्रतिष्ठानचे अध्यक्ष, सत्तरीला आलेले. बाईंना ते ‘मावशी’ म्हणायचे. आजही आले ते वाकून नमस्कार करूनच.

“मावशी, घाबरायचं काही कारण नाही. वकिलांशी बोललोय. फोटोंखाली ‘मोहोळकर स्टुडिओ, हात क्रमांक दोन’ असं छापायचं. मोठ्या कलावंतांच्या हाताखाली माणसं असतातच. दृष्टी बाबांची, हात कुणाचा का असेना. तुम्ही फक्त त्यावर एक नवी प्रस्तावना लिहा. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

“आणि ही हात क्रमांक दोन कोण? तुला माहीत असणार, विश्राम. तू तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतास.”

विश्रामरावांनी चष्मा पुसला. “स्टुडिओत पाच-सहा जण येऊन-जाऊन असायचे. आणि नियम असा आहे की जिवंत माणसाने हाताचा नमुना दिल्याशिवाय दाखल्यावर नाव येत नाही. उगाच कुणाचं नाव कशाला घ्या?”

म्हणजे माहीत होतं. बाईंनी ते त्यांच्या चष्मा पुसण्यातच ओळखलं. चाळीस वर्षं माणसांच्या चेहऱ्यांवर लिहिलं होतं त्यांनी, तेवढं तरी यायलाच हवं.

“विचार करते,” त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मोह झाला त्यांना. ‘दृष्टी आणि हात’ असा मथळासुद्धा मनात तयार झाला. असं एक भारदस्त प्रकरण लिहायचं की जुना लेखही शाबूत राहील आणि नवं संशोधनही पचून जाईल. वय चौऱ्याहत्तर. आता कोण नव्याने मान खाली घालणार? तरी त्या रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी १९९३ सालची मुलाखत ऐकायला घेतली. कॅसेटवरून केव्हाच फाइलमध्ये उतरवून ठेवलेली होती, पण त्यानंतर कधी ऐकली नव्हती. गरजच पडली नव्हती. लेख होता ना.

सव्विसाव्या वर्षीचा त्यांचा स्वतःचा आवाज आला, टिपेचा, उत्साहाने फुटलेला. “मोहोळकर, मी एक विलक्षण गोष्ट पाहिली. तुमचे सगळे उत्तम फोटो अकराव्या आणि बाराव्या फ्रेमचे आहेत. बारा फोटोंचा रोल आणि दरवेळी शेवटचे दोन. दहावीत एखादी बाई पांढऱ्या चादरीपुढे ताठ बसलेली, निर्जीव. आणि अकरावीत एकदम आयुष्य. असं का होतं?”

मग अच्युतरावांचा जड आवाज. “ते उरलेले असतात हो. रोल वाया घालवायचा नाही, म्हणून... ते आमच्याकडची...”

“किती विनयाने सांगता तुम्ही!” टेपमधली निर्मला मधेच म्हणाली. “उरलेले! म्हणजे सगळा सराव संपल्यावर जे उरतं ते.”

“तसं म्हणा हवं तर,” अच्युतराव म्हणाले.

बाईंनी फाइल थांबवली. पुन्हा लावली. पुन्हा थांबवली. ‘आमच्याकडची.’ तो माणूस सांगायला निघाला होता आणि त्यांनी त्याचं वाक्य तोंडातून ओढून काढून स्वतःचं लावलं होतं. त्याने मग गप्प बसून मोठेपण घेतलं, तो त्याचा गुन्हा. पण त्याच्या गळ्यात तो हार घातला कुणी?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या सोलापूरला गेल्या.

शहराचा पूर्व भाग म्हणजे विणकरांची वस्ती. पिढ्यांमागे तेलंगणातून आलेली पद्मशाली माणसं, घरात तेलुगू, दारात मराठी. विड्या वळणं आता बंद पडलं होतं, पण घरं तीच होती. निर्मलाबाईंनी हसता हसता आडव्या झालेल्या बाईचा फोटो हातात धरून दोन गल्ल्यांत विचारलं. तिसऱ्या गल्लीत एका सत्तरीच्या गृहस्थांनी फोटो बघितला आणि म्हणाले, “ही तर आमची आई, यल्लुबाई.”

“हा फोटो कुणी काढला, आठवतं का?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. “कुणी म्हणजे? नरसक्कानं. दुसरं कोण घरात येणार? बापयगड्याला दुपारी बायकांच्यात कुणी येऊ देतंय होय, बाई? आमच्या बापाला सुद्धा ओट्यावर बसवायच्या.”

एवढं एक वाक्य. अठ्ठेचाळीस वर्षांत कुणालाही विचारलं असतं तर मिळालं असतं. ‘कॅमेऱ्यामागचा पुरुष विरघळून गेला आहे,’ असं बाईंनी पुण्यात बसून लिहिलं होतं. विरघळायला तो तिथे होताच कुठे?

नरसक्का, म्हणजे नरसम्मा गाजूल, पुढच्याच बोळात राहत होत्या. वय एक्क्याऐंशी, उंची पाच फुटांच्या आत, कपाळावर ठसठशीत कुंकू. बरोबर मुलगी अंबिका, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिचा जन्म १९८२च्या मे महिन्यातला. निर्मलाबाईंनी मनात हिशोब केला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. निगेटिव्हमधली लाथ ती हीच.

“काय बघलालाव, बाई?” नरसम्मांनी विचारलं. “बसा की.”

निर्मलाबाईंनी नाव सांगितलं. नरसम्मांनी मान हलवली. “माहीत आहे. तुमचं पुस्तक आणलं होतं अंबिकानं. वाचलं मी.”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत?”

“कुणाला बोलू? तुम्ही विचारायला आलाव का?”

अंबिकाने पाणी आणून दिलं. मग नरसम्मा आपणहून सांगायला लागल्या. स्टुडिओत त्या रिटचिंग करायच्या. निगेटिव्ह काचेवर धरायची, मागून उजेड, आणि टोकदार पेन्सिलने चेहऱ्यावरचे डाग भरायचे. मग विडी कामगारांना ओळखपत्रं द्यायचं निघालं. कार्डाला फोटो पाहिजे. बायका स्टुडिओत येईनात. परक्या पुरुषापुढे मान वर करून बसायला कोण तयार होणार? मोहोळकरांनी कॅमेरा नरसम्मांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, तूच जा.

“दहा बायकांची एक यादी असायची. भिंतीला चादर लावायची, एकेकीला बसवायची, सरळ बघ म्हणायचं. दहा झाल्या की यादी संपली. रोल मात्र बाराचा. संध्याकाळी तो धुवायलाच लागायचा, मग उरलेल्या दोनाचं काय करायचं? तोवर बायका उठून आपल्या कामाला लागलेल्या असायच्या. चादर मी काढलेली. मी पण त्यांच्यातच बसायची. कॅमेरा पोटावर. मला वाटलं की दाबायची.”

“काय वाटलं की?”

नरसम्मांनी जरा विचार केला. “हे बघ, ही खरी यल्लुबाई. कार्डावर जाते ती नाही, ही. असं वाटलं की.”

निर्मलाबाईंनी आयुष्यभर फोटोंवर लिहिलं होतं, पण इतकं नेमकं त्यांना कधी सुचलं नव्हतं. हेवा वाटला, आणि स्वतःची लाजही.

“अक्का, एक यंत्र आहे,” त्या म्हणाल्या. “दोन मिनिटं एक पेटी हातात धरायची. बस. त्यावरून सिद्ध होतं की हे फोटो तुमचे. मग दाखल्यावर तुमचं नाव येईल, कुणाच्या बापाला नाही म्हणता येणार नाही.”

“मी धरणार नाही.”

“अम्मा,” अंबिका म्हणाली. तिच्या आवाजावरून कळत होतं की हे भांडण जुनं आहे. “मी दहा वेळा सांगितलं हिला. दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या नातीला शाळेत शिकवतायत, फोटो मोहोळकरांचे. मला कसं वाटत असेल?”

“तुला वाटू दे.” नरसम्मा निर्मलाबाईंकडे वळल्या. “बाई, मी सात-आठ हजार बायकांचे कार्डाचे फोटो काढले. बारा वर्षांच्या वयापासून विड्या वळून बोटं काळी झालेल्या बायका. कारखान्याला विचारायचं असायचं, तू खरंच कामगार का? पुरावा दाखव. मी त्यांना चादरीपुढे बसवून म्हणायची, सरळ बघ, हलू नको. रडायच्या काही जणी. आता माझ्या एक्क्याऐंशीव्या वर्षी मला कुणी तरी चादरीपुढे बसवणार आणि म्हणणार, पेटी धर, हलू नको, तू खरंच तू का ते बघू. मोहोळकराला कुणी पेटी धरायला लावली होती का? त्याला शिक्का पुरला. मला माझं तोंड पुरेल.”

“पण अक्का, पुराव्याशिवाय नाव छापणार नाहीत.”

“तर नका छापू. मी काढले ते मला माहीत आहे. यल्लुबाईला माहीत होतं. आता तुम्हाला माहीत झालं. तुम्ही काय करणार ते तुम्ही बघा.”

परतीच्या गाडीत निर्मलाबाई पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. म्हातारीने चेंडू अलगद त्यांच्या अंगणात टाकला होता. यंत्राने सांगितलं असतं तर बाईंना काहीच करावं लागलं नसतं. ‘विज्ञानाने सिद्ध केलं’ म्हणून बाजूला उभं राहता आलं असतं. आता बोलायचं तर स्वतःच्या जिवावर बोलायचं होतं, आणि तेही स्वतःच्याच विरुद्ध.

त्यांनी विश्रामरावांना फोन लावला. “प्रस्तावना लिहिणार नाही. जुना लेख छापायचा असेल तर प्रत्येक फोटोखाली नरसम्मा गाजूल हे नाव हवं.”

“मावशी, दाखला कुठाय?”

“दाखला मी देते. सही करून.”

“तुमची सही?” विश्रामराव हसले, अगदी प्रेमाने. “तुमच्या सहीनेच तर अठ्ठेचाळीस वर्षं बाबांचं नाव चाललं ना? आता तुम्हीच म्हणणार, ती सही खोटी, ही खरी. लोक म्हणतील, बाई भ्रमिष्ट झाल्या. तुमचंच हसं होईल.”

“होऊ दे.”

“आणि फोटोंचे हक्क प्रतिष्ठानकडे आहेत. एकही फोटो कुठे छापता येणार नाही तुम्हाला. मला तसं करायला आवडणार नाही, पण करीन.”

“तू कर. लेखाचे हक्क माझ्याकडे आहेत,” निर्मलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. रेहानाबाईंचं यंत्र जवळ असतं तर त्यात राग स्वच्छ उमटला असता.

त्या संध्याकाळी त्यांनी रेहानाबाईंना सगळं सांगितलं. “माझं यंत्र खोटं काय आहे ते ओळखायला केलं होतं,” रेहानाबाई म्हणाल्या. “खऱ्या माणसांनी रांग लावून सिद्ध व्हावं, असं काही माझ्या मनात नव्हतं. तुम्ही लिहा बाई. दोन हात आहेत आणि दुसरा बाईचा आहे, एवढं मी छातीठोकपणे सांगीन. नाव तुम्ही सांगा.”

पंधरा दिवसांनी निर्मलाबाई पुन्हा सोलापूरला आल्या. पिशवीत जुळणी केलेली पानं होती. नरसम्मांच्या ओट्यावर बसून त्यांनी ती पसरली. पुस्तक कसलं, चाळीस पानांची पुस्तिका. जुना लेख जसाच्या तसा, एक शब्द न बदलता. आणि जिथे जिथे फोटो हवा तिथे नुसता कोरा चौकोन, सहा सेंटिमीटर बाय सहा सेंटिमीटर, निगेटिव्हच्या मापाचा. प्रत्येक चौकोनाखाली एक ओळ.

अंबिकाने चष्मा लावून वाचलं. “यल्लुबाई, १९८१. फ्रेम अकरा. फोटो: नरसम्मा गाजूल.” ती पुढे वाचू शकली नाही. पदराने डोळे पुसत आत निघून गेली.

“फोटो छापायला बंदी आहे,” निर्मलाबाई म्हणाल्या. “पण हे फोटो लोकांना पाठ आहेत, अक्का. कोरा चौकोन दिसला तरी त्यांना यल्लुबाई दिसेल. खाली नाव मात्र तुमचं वाचतील.”

“आणि तुमचा लेख? चुका तशाच ठेवल्याव?”

“तशाच. त्या माझ्या आहेत. लपवायच्या नाहीत मला.” बाईंनी पिशवीतून टोकदार पेन्सिल काढली. “पण तुम्ही दुरुस्त करा. निगेटिव्हवर डाग दिसला की लावायचात ना पेन्सिल? तशी लावा. तुमच्या अक्षरासकट छापते.”

नरसम्मांनी पेन्सिलीचं टोक बोटाला टोचून बघितलं. मग पुस्तिका मांडीवर घेतली, सूप घेत असतील तशी, आणि वाचायला लागल्या. दुपारचा उजेड ओट्यावर आला होता. ‘कलावंताचं मौन’ या मथळ्यावर त्यांनी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: ‘बाळंतपण होतं. मुलगी झाली.’ ‘तो त्या बायकांपुढे गुडघे टेकतो’ यापाशी लिहिलं: ‘मांडी घालून बसले होते. चहा पण झाला.’ ‘पुरुष विरघळून गेला आहे’ याच्या शेजारी नुसतं: ‘स्टुडिओत होता.’ निर्मलाबाई वाचत होत्या आणि हसत होत्या. अठ्ठेचाळीस वर्षांचं ओझं असं एकेका ओळीने उतरत होतं आणि प्रत्येक ओळ झोंबतही होती.

एका पानापाशी पेन्सिल थांबली. तिथे ते वाक्य होतं. ‘दहा वेळा हात सराव करतो, अकराव्या वेळी डोळा उघडतो.’ नरसम्मांनी पान उलटलं, पुढचं सगळं संपवलं आणि पुस्तिका परत केली. त्या वाक्याला त्यांनी हात लावला नव्हता.

“हे राहिलं, अक्का.”

“राहिलं नाही. ठेवलं.” नरसम्मा म्हणाल्या. “स्टुडिओत एक रीत होती. डाग असला, पुटकुळी असली, तर आम्ही विचारायचो नाही, भरून टाकायचो. पण चेहऱ्यावर तीळ असला तर ज्याचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय पेन्सिल लावायची नाही. तीळ गेला की माणूस घरच्यांना ओळखू येत नाही. तुम्हाला लोक या वाक्यानं ओळखतात ना? दारावर पण रंगवलंय म्हणे कुणी. मी कसं खोडू?”

ओट्यासमोरून एक सायकल गेली. आत अंबिका भांडी लावत होती. निर्मलाबाईंनी ते वाक्य परत एकदा वाचलं. अजूनही चांगलं वाटलं त्यांना. नाद होता त्याला. सव्विसाव्या वर्षीची ती टिपेच्या आवाजाची पोरगी त्यात होती, तिची सगळी हुशारी, आणि समोरच्याचं बोलणं पुरतं न ऐकण्याची तिची घाई. हे वाक्य गेलं की खांबेटेबाईंचं काय उरणार होतं? फार काही नाही. एवढीच एक गोष्ट उरणार होती, की चौऱ्याहत्तराव्या वर्षी का होईना, त्या विचारायला आल्या.

त्यांनी पुस्तिका त्या पानावर उघडली आणि नरसम्मांच्या मांडीवर ठेवली.

“लावा,” त्या म्हणाल्या.

“बघा हं. नंतर परत आणता यायचं नाही.”

“लावा, अक्का. मी सांगते ना.”

नरसम्मांनी पान उजेडाकडे धरलं, एक डोळा बारीक केला. एक्क्याऐंशी वर्षांचा तो हात कागदावर टेकेपर्यंत चांगलाच थरथरत होता. टेकला आणि कामाला लागला. वाक्यावरून एक सरळ रेघ गेली, पट्टीशिवाय मारलेली. मग तिच्याखाली, शाळकरी मुलासारख्या एकेक सुट्या अक्षरात, नरसम्मांनी लिहिलं:

‘दहा कार्डाचे. उरलेले दोन माझे.’